माळ वाढली

आई, डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. तुझ्या डॉक्टरीणबाई, ठाण्याच्या, डोळ्यांच्या. मी भिवंडीजवळच्या कोन गावाच्या रस्त्यावरच्या आमच्या गोदामाच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते आणि बाहेर कंटेनर मागे घ्यायला लावणारा माणूस 'आने दे, आने दे' ओरडत होता, त्यामुळे पहिल्यांदा आवाज ओळखलाच नाही. 'बेटा' म्हणाल्या तेव्हा ओळखला. मला बेटा म्हणणारं आता दुसरं कुणी नाही. त्या म्हणाल्या, "बेटा, माळ वाढली." मी म्हणाले, "अरे वा, अभिनंदन." मला वाटलं, या वयात बाईंनी आणखी मणी घेतले, संग्रह वाढला, माळ लांब झाली, आणि ते सांगायला फोन केलाय. मग त्या जरा चाचरत म्हणाल्या, "अगं, तशी नाही. तुझी आई म्हणायची ना, तशी वाढली." तेव्हा माझे कान तापले.

तू जन्मात कधी 'तुटलं' म्हणाली नाहीस. बांगडी वाढायची, मंगळसूत्र वाढायचं, नारळ तर सगळेच वाढवतात, पण आपल्याकडे सुतळीत ओवलेली मिरच्यांची माळसुद्धा वाढायची. सराफाच्या ओट्यावर तू मंगळसूत्रं गाठवायला बसायचीस, तिथे तुझ्यासमोर कुणी बाई पुडी घेऊन आली आणि 'तुटलं हो' म्हणाली, तर तू पुडीला हात लावायची नाहीस. "तुटलं नको बोलू गो, वाढलं बोल," असं तिच्याकडून वदवून घ्यायचीस आणि मग पुडी उघडायचीस. हे मी लहानपणापासून रोज ऐकलेलं. आणि आता घरी गुजराती बोलणारी एक बाई तो शब्द बरोबर त्याच्या जागी ठेवते, आणि तुझ्या पोटची, इतिहास घेऊन बी.ए. झालेली, रोजची डायरी लिहिणारी मुलगी तिचं अभिनंदन करते. मी डबा तसाच झाकून ठेवला. मला लाज वाटली असं त्या दिवशी डायरीत लिहिलं, पण ते खरं नाही. लाज नंतर वाटली. आधी मला हेवा वाटला. तुझा एक शब्द तिच्या घरात धडधाकट राहिला होता आणि माझ्या घरात तो कधी गेला ते मला कळलंही नव्हतं.

हेवा हा शब्दही मी सौम्य म्हणून वापरते आहे. तू 'जलतंस' म्हणायचीस. "जलतंस कशाला गो तिच्यावर?" हे तू मला नेमकं कधी म्हणालीस ते आठवतं. सुकटीच्या डब्यावरून म्हणाली होतीस. डॉक्टरीणबाई जैन. त्या घरी यायच्या म्हटलं की तू सकाळीच सुकटीचा डबा कापडात बांधून मागच्या दारी, मोरीच्या भिंतीवर ठेवायचीस, तवा राखेने घासायचीस, आणि आदल्या दिवसापासून आमच्या ताटात फक्त वाल नाहीतर बटाटा. मी विचारलं, आपल्या घरात आपण काय खायचं ते त्या ठरवणार का? तू तवा घासता घासता ते वाक्य बोललीस, मान वर न करता. मला तेव्हा ते अन्यायाचं वाटलं, कारण मी न्यायाचा मुद्दा मांडला होता आणि तू त्याला जळणं म्हटलंस. आज वाटतं, तुला ऐकू बरोबर येत होतं.

त्या आपल्याकडे आल्या त्या तुझ्या डोळ्यांमुळे. काळे मणी बारीक, रेशमाचा दोरा काळा, ओट्यावर उजेड तिरपा. तुला दोऱ्याचं टोक दिसेना. लूमवर काम करणाऱ्यांसाठी त्यांचा आठवड्यातून एकदा भिवंडीत दवाखाना असायचा, तिथे तू गेलीस. त्यांनी विचारलं, काम काय करता? तू म्हणालीस, मंगळसूत्रं गाठवते. तेवढ्यावर त्यांनी पेशंटांची रांग थांबवली आणि पर्समधून टिश्यू कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, म्हणाल्या, "ताई, हे गाठवून द्याल?" हे तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा तुला हसू आवरत नव्हतं. नवा चष्मा नाकावर घसरत होता आणि तू म्हणत होतीस, "डोळ्याची डॉक्टर, आणि जमवते काय, तर डोळेच."

खरोखरच डोळे होते ते. गडद निळी काच, तिच्यावर पांढरं वर्तुळ, वर्तुळाच्या आत पुन्हा निळा ठिपका. एकेका मण्याला असे तीन-चार डोळे, काही जोडीने, काही एकाखाली एक. त्यांचे यजमान जहाजावर इंजिनिअर होते आणि बंदराबंदरांतल्या जुन्या बाजारांतून त्यांनी हे मणी आणले होते, बैरूतहून, ट्यूनिसहून. पहिला मणी त्यांनी बायकोला गंमत म्हणून आणला, डॉक्टरच्या धंद्याला शोभेल म्हणून. नंतर बाईंना त्याचं वेडच लागलं. फिनिशियन लोकांचे मणी, त्या सांगायच्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचे, भूमध्य समुद्राच्या काठचे. दर्यावर्दी लोक, काच घेऊन गावोगाव फिरायचे, आणि नजर लागू नये म्हणून लोक हे गळ्यात घालायचे. तुला त्यातलं नवल वाटलं नाही. आपल्याकडे बाळाच्या मनगटात बांधतो तेच, तू म्हणालीस, आपलं काळं-पांढरं, त्यांचं निळं. तुझा प्रश्न वेगळाच होता. "कुणाच्या गळ्यातनं काढले?" त्या म्हणाल्या, गळ्यातून कशाला, मातीतून निघाले. तू म्हणालीस, "मातीत आपल्या पायानं गेले का? गळ्यासकट गेले असतील." पुढे एकदा त्यांनी एक वेगळा मणी आणला, काचेचा छोटा दाढीवाला चेहरा, बटबटीत डोळ्यांचा. तो तू ओवायला नकार दिलास. "हा बाबा टकामका बघत बसतो. याला डबीत ठेवा." त्यांनी तो डबीत ठेवला. माझं कुणी इतक्या चटकन ऐकलं नाही कधी, तूसुद्धा नाही.

मोरीतला प्रसंग मला आठवतो, पण आता त्याचा अर्थ बदललाय म्हणून आठवतो की तेव्हाही तो मला महत्त्वाचा वाटला होता, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. तुझा नियम होता, दुसऱ्याच्या गळ्यातला मणी नव्या दोऱ्यात घालायच्या आधी धुवायचा. परकीचं मंगळसूत्र असो नाहीतर मेलेल्या सासूची पोत, आधी रिठ्याचं पाणी, मगच दोरा. मग हे तर कुठल्या मुलखातले, कुणाच्या हाडांशेजारचे. तू ते सगळे पितळेच्या वाटीत रिठ्यात भिजत घातलेस, सकाळी मोरीत बसून दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक घासलास आणि सुईने भोकं मोकळी केलीस. भोकांतून पांढरट माती निघत होती. काही मण्यांवर मोरपिसासारखा एक पापुद्रा होता, हलवला की जांभळा-हिरवा चमकायचा, तोही निघाला. खाली घट्ट निळी काच, लख्ख, जणू काल बाजारातून आणली. तू वाटी उन्हात धरलीस आणि मला हाक मारलीस, "बग, कशी डोळे उघडून बसलीत." तुला इतकं खूश मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी वाटीत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, चकाचक केलेत." तू म्हणालीस, "मंग." आणि गाठवायला बसलीस, उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, जशी नेहमी बसायचीस. त्या समोर पाटावर. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, मांडीवर पुस्तक. तिथे बसून अभ्यास कर, इथं उजेड हाय, असं तूच सांगून ठेवलं होतंस.

आता गाठीकडे येते. त्यासाठीच मी इतकं लिहीत आलेय. तुझी गाठ सबंध भिवंडीत ओळखली जायची. गाठवणारे पुष्कळ होते, पण तुझं मंगळसूत्र रेशीम विरेपर्यंत टिकायचं, गाठ सुटायची नाही. मी अकरावीत असताना तुला म्हणाले, मला शिकव. सुट्टी होती, मला खरंच हौस होती, आणि खरं तर तुझ्याशेजारी बसायला ते एक निमित्त होतं. मी दोऱ्याला हात लावला आणि तू फटकन माझ्या हातावर मारलंस. लागलं नाही. पण तू म्हणालीस, "हात लावू नको. तू कॉलेज शिक. हे हाताला लागलं तर जन्मभर ओट्यावर बसशील." तुझं म्हणणं समंजस होतं. माझ्या वयाच्या ज्या मुली आयांच्या शेजारी बसल्या त्या आजही तिथेच बसतात, आणि मी एसीत बसून बिलं तपासते. मी तुझं ऐकलं, मला त्याचा फायदा झाला, तक्रार करायला जागा नाही. पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी उंबऱ्यात बसले असताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, मला शिकवाल ही गाठ?" आणि तू जागची सरकलीस. त्यांना आपल्या शेजारी पाटावर घेतलंस. त्यांनी खुशाल पायातले मोजे काढले, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला, आणि तू त्यांचं बोट तुझ्या बोटांत धरून वळवलंस. "असं न्हाय. असं. आता खालनं. हां." त्या चुकल्या तर तू हसायचीस. त्या म्हणायच्या, "ताई, मी ऑपरेशन करते हो, हसता काय." तू म्हणायचीस, "डोळा सोपा हाय मंग."

माझ्या पुस्तकाचं पान तेव्हा कुठलं होतं ते सांगता येणार नाही, पण तुझं ते धरलेलं बोट आठवतं. त्या एका गोष्टीवर मी वर्षानुवर्षं जळत राहिले. स्वतःला समजावलं नाही असं नाही. तिला ओट्यावर बसायची भीती नव्हती, म्हणून तिला शिकवलं. मला होती, म्हणून नाही. हे उत्तर बिनचूक आहे. बिनचूक उत्तराने जळणं थांबत असतं तर काय हवं होतं.

माझं मंगळसूत्र तूच गाठवलंस. लग्नानंतर वर्षभरात तू गेलीस. पुढे किती वर्षांनी कोण जाणे, एकदा भांडी घासताना ते वाढलं आणि मणी सिंकभर पसरले. मी ते गोळा करून एका दुकानात दिलं, त्यांनी मशीनवर तारेत ओवून दिलं, आता हे कधी तुटणार नाही मॅडम, असं सांगितलं. तुझा दोरा त्यांनी टाकून दिला. मी मागितला नव्हता. तेव्हा मला सुचलंच नाही की तू बांधलेली शेवटची गाठ आपल्या घरातून अशी बाहेर गेली. नणंदेचं, मावशीचं, शेजारणीचं, ज्यांची ज्यांची म्हणून तू गाठवली होतीस, सगळ्यांनी कधीतरी तार घालून घेतली. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर सहज पाहता पाहता फिनिशियन मणी समोर आले आणि मी दचकले. कारण लक्षात आलं की तुझ्या हातची गाठ आता जगात एकाच माळेत आहे आणि ती ठाण्यात आहे.

तेव्हापासून मी ते मणी पाहत असते. माझ्याकडे एकही नव्हता, पण बघून बघून मला बरंच कळायला लागलं. संग्राहक कशासाठी जीव टाकतात ते आधी समजायचं नाही. निळा रंग सुरेख आहे, पण निळी काच कुठेही मिळते. त्यांना नवेपणा नको असतो. काच मातीत पडून पडून तिच्यावर जो सप्तरंगी पापुद्रा चढतो, तो त्यांना हवा. धातूच्या काडीला माती फासून तिच्यावर वितळलेली काच गुंडाळायचे, मग काडी काढून घ्यायचे, आणि त्या मातीचा अंश भोकात राहून जायचा. ती माती असली की मणी खरा. एका मण्याची बाजू दुसऱ्याला घासून झिजली असेल तर त्याला ते जपून बोट लावतात, कारण मग तो कुणीतरी खरोखर घातला होता. दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यावर झिजलेली वस्तू आपली असावी असं त्यांना वाटतं. हे वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. संग्राहकांना मी मनातल्या मनात नावं ठेवत आले होते, आणि मला जे हवं होतं ते याहून वेगळं नव्हतं. आणि भोकातली माती, पापुद्रा, हे वाचताना मला मोरीही आठवली. तुझी सुई आठवली. मी कुणाला बोलले नाही.

तर फोन आल्यावर पुढच्या रविवारी मी ठाण्याला गेले. बाई खूप म्हाताऱ्या झाल्यात. यजमान नाहीत. हात कापतात, कप धरताना बशीचा आवाज होतो. टेबलावर मखमल लावलेले लाकडी ट्रे होते, बरेचसे रिकामे. मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयाला सगळा संग्रह देऊन टाकला म्हणाल्या. तिथून एक जाणकार माणूस आला, त्याने भिंगातून एकेक मणी पाहिला आणि घेतला. दाढीवाल्या बाबालाही नेलं. "फक्त तुझ्या आईने धुतलेले घेतले नाहीत," असं सांगून त्या हसल्या. "तो म्हणाला, मॅडम, यांचं काही सांगता येत नाही. माती नाही, पापुद्रा नाही. कालचेही असतील." तुझी माळ एका जुन्या चष्म्याच्या डबीत होती, दोन तुकडे होऊन.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? त्या दिवशीच?"

"वाटीत पाहिलं तेव्हाच," त्या म्हणाल्या. "अडीच हजार वर्षांची माती, बेटा, तुमच्या मोरीतून गेली. मी गाडीत बसले आणि रडले. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, पेशंट गेला का?"

"मग आईला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तिने माझ्यासाठी धुतले. माझ्या गळ्याला कुणाचं काही लागू नये म्हणून." त्यांनी एक मणी उचलून उजेडात धरला. "तसं माझ्या घरच्यांनीही कधी काही धुतलं नाही माझ्यासाठी."

आई, मला इथे गहिवरून यायला हवं होतं. आलं नाही. मला वाटलं, म्हणजे ही तुझी चूकसुद्धा जपून ठेवून आहे. तुझा शब्द हिच्याकडे, तुझी गाठ हिच्याकडे, आणि आता तुझी चूक, जिच्याबद्दल तुलाही कधी कळलं नाही, तीही हिच्याच डबीत. एखाद्याच्या आईचं आणखी काय जमवायचं राहतं?

त्यांनी मला बोलावलं होतं कारण त्यांच्या बोटांनी आता गाठ होत नाही. "मी सांगते तसं तू कर," म्हणाल्या. "ताईंनी मला शिकवलंय. तुला येत नाही ना?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी नीट ऐकलं. "नाही येत," मी म्हणाले. मग मी तो जुना दोरा हातात घेतला. काळा होता, आता तपकिरी झालाय. गाठ सुटली नव्हती. दोन मण्यांच्या मधे रेशीमच विरलं होतं. तुझ्या गाठी होत्या तशा बसल्या होत्या, मोहरीएवढ्या, टोक कुठे दिसत नाही अशा. मी म्हणाले, "डॉक्टर, नवा दोरा घातल्यावर हा जुना मला द्याल?"

वस्तुसंग्रहालयाला ट्रे भरभरून दिलेली ही बाई. म्हणाल्या, "मणी घे. तुला आवडेल तो घे. दोरा नाही देणार."

"त्याचा तुम्हाला काय उपयोग?"

"तुला काय?" त्यांनी विचारलं. मला वाटतं, त्या क्षणी आम्ही एकमेकींना जन्मात पहिल्यांदा नीट ओळखलं. दोरा त्यांनी डबीत ठेवला आणि डबी मांडीवर घेतली.

मग मी चप्पल काढली, सोफ्यावरून खाली बसले, पायाच्या अंगठ्याला नवा दोरा अडकवला. त्या सांगत होत्या, "असं नाही. असं. आता खालून. हां." तुझ्याच लयीत सांगत होत्या, 'खालनं' एवढं फक्त 'खालून' झालं होतं. मला पटकन जमलं. इतकं पटकन, की त्याच चकित झाल्या. मणी, गाठ, मणी, गाठ. आणि शेवटची गाठ मारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "झालं. आता काप." मी दोरा बोटांत धरून पाहत राहिले. गाठीचं शेपूट बाहेर आलेलं दिसत होतं. तुझ्या गाठीला शेपूट नव्हतं. डबी समोर होती, पण मला ती उघडून पाहायची गरज वाटली नाही, कारण मला दिसायला लागलं. तू पाटावर बसली आहेस, त्या तुझ्यासमोर आहेत, आणि शेवटच्या गाठीशी आलीस की तू खांद्यावरचा पदर पुढे ओढून घेतेस. नेहमी. त्यांना शिकवत होतीस त्या दिवशीही. पदराच्या आड तुझा अंगठा एकदा उलटा फिरतो, शेपूट गाठीच्याच पोटात जातं, तू दातांनी उरलेलं टोक तोडतेस आणि पदर मागे टाकतेस. समोरून किंवा पदराच्या बाजूला शेजारी बसून ते दिसत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून, दुसऱ्या बाजूने, दिसतं.

तू त्यांना शेवटचा फेर शिकवला नव्हतास. बोट धरून सगळं शिकवलंस आणि एवढं ठेवून घेतलंस. धंद्याची रीत असेल ती. शेवटचा फेर बाहेर द्यायचा नाही, असं तुला ही गाठ शिकवणाऱ्या तुझ्या खारबावच्या आत्याने सांगितलं असेल. की बाईंनी पुन्हा पुन्हा यावं म्हणून? त्यांनी घरी सरावासाठी साध्या मण्यांच्या ओवलेल्या माळा सारख्या वाढायच्या आणि त्या तुझ्याकडे घेऊन यायच्या, हे मला आठवतं. तू कपाळावर हात मारून म्हणायचीस, "तुमच्या बोटात दमच न्हाय," आणि चहा टाकायचीस. आणि मला तू त्या उंबऱ्यात का बसवलंस? उजेड तिथे होता हे खरं आहे. खिडकी तिथेच होती. तू मला दाखवत होतीस असं लिहायला मला फार आवडेल, म्हणूनच मी ते लिहीत नाही. मी फक्त एवढं लिहिते की पदर तू त्यांच्या बाजूने ओढायचीस, माझ्या बाजूने नाही.

आणि तरी मला पुरेसा आनंद झाला नाही. झाला तो असा झाला की त्याचीच भीती वाटली. समोर म्हातारी, डबी मांडीवर घट्ट धरलेली, तिला वाटतंय तुझी गाठ तिच्याकडे आहे, आणि मला कळलंय की ती पुरी तिला आलेलीच नाही. एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य बोलले नाही. याला दया म्हणावं असं आधी मनात आलं. पण दया असती तर मी तो फेर गुपचूप देऊन टाकला असता. अंगठा उलटा फिरवायचा, एवढंच. माझा अंगठा फिरत होता, मला कळत होतं, त्याला येत होतं. मी कात्री घेतली आणि त्या म्हणाल्या तसं शेपूट बाहेर ठेवून कापलं. माळ त्यांच्या गळ्यात घातली. त्या आरशाकडे गेल्या, लख्ख निळे डोळे सगळे उघडे, आणि म्हणाल्या, "ताईंसारखीच झाली." मी म्हणाले, "हो, अगदी."

मणी मी घेतला, ओवायच्या आधीच बाजूला काढून ठेवला होता. एक लहान, तीन डोळ्यांचा, एका बाजूने झिजलेला. घरी येऊन काळ्या दोऱ्यात ओवून मनगटाला बांधला, एका हाताने आणि दातांनी, शेवटच्या फेरासकट. बांधण्याआधी धुवायचा असतो हे लक्षात होतं, पण तो तू आधीच धुतलेला आहेस. नवरा म्हणाला, हे काय लहान बाळासारखं? मी म्हणाले, नजर लागते मला. तो हसला. लागत नाही, लावते, असं म्हणायला हवं होतं.

हे सगळं तू समोर असतीस तर मी बोलले नसते. तू पुन्हा तेच विचारलं असतंस, जलतंस कशाला गो, आणि मी न्यायाचा मुद्दा काढला असता. आता मात्र मला ठाऊक आहे की ती माळ फार टिकणार नाही. बाई ती रोज घालणार, झोपतानाही काढणार नाहीत, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. एखाद्या दुपारी मी डबा उघडलेला असेल, बाहेर तो माणूस 'आने दे' ओरडत असेल, आणि फोन येईल, बेटा, माळ वाढली. या वेळी मी अभिनंदन करणार नाही. येते म्हणेन, रविवारी. आदल्या दिवशी घरात सुकट करणार नाही. आणि आई, तेव्हाही मी शेवटचा फेर देईन असं तुला सांगवत नाही.